कुंपणाकडचा ओंडका

लॉर्नानं भावाला फोन केला तो तिचा नवरा मर्व्ह कोंबड्यांना दाणे टाकायला गेला तेवढ्यात.

"मोठी करवत त्याला देऊ नकोस," ती म्हणाली. "नाहीच म्हणून सांग."

"नाही कशी? परवाच आलीये. खोकंसुद्धा फोडलेलं नाही."

"मग फोडू नकोस. आत कुठेतरी लपव."

तीस वर्षं डेस मिलब्रुकला पेट्रोलवर चालणाऱ्या साखळीच्या करवती विकत होता, आणि मर्व्ह स्क्रिव्हनला नाही म्हणायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. "लॉर्ना, अगं तो मेहुणा आहे माझा. सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे. आणि खोटं बोललो की माझे कान लाल होतात, हे त्याला तुमच्या लग्नाआधीपासून माहीत आहे."

"मग टोपी घाल," लॉर्ना म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मर्व्हचे हात गेले होते, म्हणून हे सगळं. चाळीस वर्षं करवतीचा हादरा खाऊन बोटांतली जाण संपली होती. थंडी पडली की बोटं पांढरीफटक व्हायची, आणि थंडी नसली तरी त्यांना काही समजत नसे. मार्चमध्ये एकदा चुलीच्या पत्र्यावर हात टेकून तो हवामानाच्या बातम्या ऐकत उभा होता. कातडी जळल्याचा वास आधी लॉर्नाला आला. होबार्टच्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, करवत बंद करा. बाहेर आल्यावर मर्व्ह बायकोला म्हणाला, "मुलांना कळलं की मी संपलो. तोंड उघडायचं नाही." लॉर्नानं जन्मात कुणाचं गुपित फोडलेलं नव्हतं. मुलांपुढे ती मुकाट्यानं बसली, आणि रोज दुपारी वरच्या रानाच्या वाटेकडे बघत राहिली. त्याच्याबरोबर रानात जाणारी मुलगी, टेगन, एकटीच धावत खाली येताना तिला दिसायची. येत नव्हती, पण दिसायची.

ईस्टरच्या सुमारास जुनी करवत रानातच बंद पडली तेव्हा लॉर्नाला मनातून बरं वाटलं होतं. पण मे उजाडला, म्हणजे इथे दक्षिण गोलार्धात हिवाळा आला, नदीवर धुकं बसायला लागलं. अर्धं खोरं स्क्रिव्हनांच्या लाकडावर शेकतं. करवत घेतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आता आमच्या खोऱ्यात घर एक तर हॅलस्टरचं असतं नाहीतर नॉर्डालचं. एका कंपनीच्या करवती लाल, दुसरीच्या करड्या. चर्च बदललेली माणसं मी पाहिली आहेत, नवरे बदललेल्या बाया तर पुष्कळ, पण करवतीचा रंग बदललेलं घर एकच, आणि त्यांच्याबद्दल लोक अजून आवाज खाली आणून बोलतात. मर्व्हचे वडील आल्फ यांनी पहिली हॅलस्टर घेतली तेव्हापासून स्क्रिव्हन लाल. यात नुसता हट्ट आहे असंही नाही. धार गेली, चोक अडकला, साखळी तुटली की जो दुकानदार जेवणाच्या ताटावरून उठून येतो त्याचीच करवत चांगली. उठून येणारा डेस होता आणि डेस लाल विकायचा. नॉर्डाल मिळायची नदीपलीकडे, रॅथमोरला, रोंडा केर्नकडे. स्क्रिव्हनांपैकी कुणी त्या दुकानाचा उंबरा ओलांडलेला नव्हता.

मर्व्ह आत येऊन टेबलाशी बसला तेव्हा ब्रेट फोनमध्ये डोकं घालून बसला होता. हा थोरला. होबार्टला विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करतो. आईनं "शनिवारी ये" एवढंच सांगितलं होतं, आणि घासाघीस करायला आपल्याला बोलावलंय असा त्याचा समज होता.

"बाबा, इथे लिहिलंय की नॉर्डालचा हादरा कमी बसतो," ब्रेट म्हणाला.

"कुणी लिहिलंय?" टेगननं टोस्टवर लोणी फासत विचारलं.

"वापरणाऱ्यांनी."

"ते अंगणातले गुलाब छाटतात रे."

"मोठी हॅलस्टर," मर्व्ह म्हणाला. "गेल्या वेळेला होती तीच. विषय संपला."

टेगननं सुरी खाली ठेवली. पाच वर्षं ती बापाबरोबर वर जात होती आणि झाड त्याच्याइतकंच सरळ पाडायची. "मोठीची गरज काय? जाडी झाडं होती ती आपण दोघांनी काढलीच की. राहिलेत त्यांना मधली पुरते. मलासुद्धा दिवसभर पेलेल."

"तुला दिवसभर धर म्हणून कोण सांगतंय?"

"कुणी सांगत नाही, तेच तर म्हणते."

मर्व्हनं चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून उचलला आणि मुलीकडे न बघता संपवला. लॉर्नानं सिंककडे तोंड फिरवलं. तिला भडाभडा बोलून टाकावंसं वाटत होतं, आणि एकदा बोललं की हा माणूस आपल्याला आयुष्यभर माफ करणार नाही हेही माहीत होतं.

आमच्याकडे करवत घ्यायला जायचं तर ओंडका घरचा न्यायचा असतो. दुकानदाराच्या अंगणात पाइन ठेवलेलं असतं, आणि पाइन म्हणजे लोणी. त्यात कुठलीही करवत हुशार दिसते. स्वतःच्या रानातलं लाकूड, स्वतःच्या गाडीतून नेऊन, दुकानदारासमोर कापून बघायचं, मगच बोलणी. मर्व्हनं ओंडका निवडला तो वरच्या हद्दीवरचा. आल्फच्या वेळचं स्ट्रिंगीबार्कचं, निलगिरीच्या जातीतलं टणक झाड होतं ते. मागच्या वर्षीच्या वादळात रस्त्यावर आडवं झालं, आणि नगरपालिकेच्या माणसांनी तुकडे करून कडेला लोटून दिलं होतं.

"हे कुंपणाकडचं ना?" टेगननं विचारलं.

"कुंपण मी शाळेत होतो तेव्हाच निघालं. उचला. याच्यात जी चालेल ती कुठेही चालेल."

भावंडांनी ओंडका पिकअपमध्ये चढवला. मर्व्ह घरात जाकीट आणायला गेला तशी ब्रेटनं बहिणीला कोपऱ्यात घेतलं. "म्हातारा अजून धडधाकट आहे, आणि तू त्याची जागा घ्यायला टपलीस."

"टपले?"

"मधली करवत, तुला पेलणारी. उद्या म्हणशील रान माझ्या नावावर करा."

टेगनला राग यायला हवा होता. आला नाही. "तू महिन्याकाठी येतोस, कटलेट खातोस नि जातोस. मी त्याच्याबरोबर असते. वर गेल्यावर तो हल्ली माझ्याशी बोलत नाही, ब्रेट. डबा उघडायचा तर पाठ करून उघडतो. काहीतरी आहे, आणि आईला ते माहीत आहे."

"वय झालंय त्याचं."

"मला भीती वाटते," टेगन म्हणाली. ब्रेटला ते नाटक वाटलं. चौकशी अधिकाऱ्याला सगळंच नाटक वाटतं.

*

डेसनं लोकरीची टोपी भुवयांपर्यंत ओढून घेतली होती.

"डोकं दुखतंय का?" मर्व्हनं विचारलं.

"थंडी आहे."

"आत हीटर चालू आहे की."

डेसनं हीटरकडे पाहिलं, जणू तो कुणीतरी दुसऱ्यानंच लावलाय. मग एका दमात म्हणाला, "मर्व्ह, मोठी नाहीये. बोटीवर आहे."

"गुरुवारी आहे म्हणालास."

"आहे म्हणजे, येणार आहे असं. मधली बघ ना. नवीन आहे, हलकी आहे, या वर्षी सगळे मधलीच नेतायत."

"सगळे नेतात ते त्यांना नेऊ दे. बोट कधी लागते?"

"सांगता येत नाही. जूनही उजाडेल."

"जूनला लोकांनी काय खुर्च्या जाळायच्या?"

लॉर्ना बियाण्यांच्या पाकिटांच्या मांडणीशी उभी राहून मुळ्याचं एकच पाकीट उलटसुलट वाचत होती. ब्रेटला हे सगळं फार गमतीचं वाटत होतं. मामा खोटं बोलतोय हे त्यानं पहिल्या वाक्यालाच ओळखलं. का बोलतोय, ते त्याच्या मते उघड होतं: कुणा बड्या कंत्राटदाराला ती करवत चढ्या भावानं द्यायची असेल. संडासाला जाऊन येतो म्हणून तो मागच्या खोलीत गेला आणि तेलाच्या डब्यांवर टाकलेलं गोणपाट त्यानं एका बोटानं उचललं.

बाहेर येऊन त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "डेसमामा, मागे गोणपाटाखाली लाल खोकं कुणाचं?"

मर्व्ह डेससमोर जाऊन उभा राहिला, आणि दोन्ही हातांनी, लहान पोराची काढावी तशी त्याची टोपी काढली. कान लालबुंद झाले होते.

"कुणासाठी ठेवलीस?"

"कबूल केलीये एकाला."

"कुणाला?"

डेसनं एक क्षणभर लॉर्नाकडे पाहिलं. मर्व्हचं लक्ष कानांवर होतं, पण ब्रेटनं ती नजर पकडली आणि आईकडे वळून पाहिलं. आईच्या हातातलं मुळ्याचं पाकीट चुरगळून गेलं होतं. कंत्राटदार वगैरे काही नव्हता. आपण काय उघडं केलंय ते त्याला कळलं नाही, पण नको ते उघडं केलंय एवढं कळलं.

"नाव सांग ना," मर्व्ह म्हणाला. "माझ्याआधी कुणाचा नंबर लागला ते तरी कळू दे."

"नाही सांगता येत, मर्व्ह."

मर्व्हनं टोपी परत त्याच्या डोक्यावर घातली, नीट बसवली. "बरं," तो म्हणाला. मग पिकअपकडे चालता चालता, मागे न बघता, "चला. रॅथमोर."

सगळ्या मिलब्रुकनं ते ऐकलं असणार, कारण समोरच्या बेकरीच्या दारात पाच माणसं पाव घेऊन उभी होती आणि त्यांतलं एकही जागचं हललं नाही.

*

गाडीनं पूल ओलांडला. ओंडका मागे इकडून तिकडे लोळत होता.

"घरी जाऊ या, मर्व्ह," लॉर्ना म्हणाली. "आठवडाभर थांबू. डेसशी मी बोलते."

"तुझ्या भावानं मला दारातून परत पाठवलं. माझ्याच पोरांसमोर. आणि तू त्याची बाजू घेतेस."

"बाजू नाही घेत."

"मग काय करतेस?"

मागच्या सीटवरून ब्रेट म्हणाला, "बाबा, आई म्हणते ते बरोबर आहे. थांबू या." सकाळपासून बापाच्या बाजूनं बोलणारा हा एकदम फिरला म्हटल्यावर टेगननं त्याच्याकडे पाहिलं. ब्रेटनं मान हलवली, मला विचारू नकोस अशी.

"आता तूसुद्धा?" मर्व्ह म्हणाला. "वा. छान." आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.

रोंडा केर्न अंगणात पाण्यावरचा बर्फाचा पापुद्रा फोडत होती. गाडीवरून तिनं माणसं ओळखली आणि हातातलं फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. "स्क्रिव्हन? रस्ता चुकलात की काय?"

"नाही," मर्व्ह म्हणाला. "तुझ्याकडची मोठी दाखव."

रोंडा शहाणी बाई. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, निदान डेसचं नाव तरी काढलं असतं. तिनं आतून नवी कोरी नॉर्डाल आणली, तेल भरलं, पेट्रोल भरलं, ब्रेक कुठे, अंगठ्याखालचं बंद करायचं बटण कुठे ते दाखवलं. "आधी कोण बघतंय? टेगन?"

"मी," मर्व्ह म्हणाला.

टेगननं ओंडका लाकूड कापायच्या घोडीवर चढवून सरळ केला आणि बाजूला झाली. बापानं हातमोजे घातले, कानांवर आवाज अडवायच्या टोप्या चढवल्या, दोरी ओढली. दुसऱ्या झटक्याला करवत सुरू झाली. पहिली चकती त्यानं अशी उतरवली की रोंडाच्या भुवया वर गेल्या. भुसा लांब लांब धाग्यांसारखा उडत होता. मर्व्ह हसत होता. इतक्या महिन्यांनी त्याला हसताना बघून टेगनला क्षणभर वाटलं, घेऊ दे याला मोठी, घेऊ दे हवी ती, मीच मूर्ख आहे.

मग तिचं लक्ष खाली पडलेल्या चकतीकडे गेलं. लाकूड लालसर होतं आणि त्याच्या मधोमध, दौत सांडावी तसा, निळा-काळा डाग होता.

असा डाग कशाचा असतो हे तिला याच माणसानं शिकवलं होतं. लाकडात लोखंड असलं की ते असं काळं रडतं. कुंपणाचं झाड तार गिळतं, वरून साल धरतं, आणि साठ वर्षांनी कुणाच्या तरी करवतीला ती तार लागते. कुंपणाकडच्या झाडाला दोन्ही बाजूंनी बघितल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्याचा पहिला नियम होता.

"बाबा, थांब," ती ओरडली. करवत दुसऱ्या चकतीत अर्धी उतरली होती. कानांवर टोप्या. टेगन धावली.

*

मर्व्हला आवाज आला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. करवत लोखंडाला लागली की दात ठणकल्यासारखा तो कवटीत वाजतो. ठिणग्या उडाल्या, साखळी ज्या पट्टीवर फिरते तिच्यावरून सुटून खाली लोंबली. तार, त्याला लगेच कळलं. गाढवा, कुंपणाची तार. त्यानं बोटाखालचा वेगाचा खटका सोडला.

इंजिन मंद व्हायला हवं होतं. ते किंचाळायला लागलं. साखळी नाही, भार नाही, नुसतं इंजिन मोकळं सुटलं होतं.

"खटका अडकलाय," तो ओरडला. "तुझ्या मशीनचा खटका अडकलाय, रोंडा." करवत त्यानं अंगापासून लांब धरली. समोर रोंडा काहीतरी ओरडत होती, लॉर्ना तोंडावर दोन्ही हात धरून उभी होती, ब्रेट पुढे येत होता. मर्व्हला राग आला तो मशीनचा. हेच होतं, दुसऱ्याच्या दारात गेलं की हेच होतं.

टेगन बाजूनं आली आणि तिनं अंगठ्याखालचं बटण दाबलं. सगळं शांत झालं. तिनं त्याच्या कानांवरच्या टोप्या काढल्या.

"सोड, बाबा."

"सोडलंय केव्हाच. खटका अडकलाय."

"नाही सोडलंस."

तो खाली बघायला तयार नव्हता. तिनं आपला हात त्याच्या हातमोज्यावर ठेवला. मग त्यानं पाहिलं. त्याचं बोट खटक्यावर होतं, तळापर्यंत दाबलेलं. त्यानं ते उघडलं होतं, त्याला शंभर टक्के माहीत होतं की उघडलं होतं. आता त्याकडे बघत बघत त्यानं पुन्हा उघडलं, तेव्हा कुठे ते हळूहळू सरळ झालं, परक्या माणसाचं असावं तसं.

टेगननं करवत त्याच्या हातातून काढून घेतली. "कधीपासून?" तिनं विचारलं.

बोलली लॉर्ना. चुलीचं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं सांगितलं, सकाळचा फोनसुद्धा सांगितला. बोलायला लागली तशी थांबेचना, आणि रडतही होती. "मीच डेसला सांगितलं, देऊ नकोस म्हणून. त्याच्यावर रागावू नकोस. माझ्यावर रागव."

"सांगितलंस तर," मर्व्ह म्हणाला.

"मुलांना नाही सांगितलं. तू मुलांना नको म्हणाला होतास."

"मुलं इथेच उभी आहेत, लॉर्ना."

"मी ते गोणपाट उचललं नसतं तर..." ब्रेट म्हणाला.

"तर कुठलीतरी करवत घेऊन मी सोमवारी वर असतो," मर्व्ह म्हणाला. "तिथे हिच्याजवळ." त्यानं टेगन उभी होती त्या जागेकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. आपण मरू याची त्याला कधी फिकीर नव्हती. आपल्या शेजारी कोण उभं असतं हे त्याच्या मनातच आलं नव्हतं.

रोंडानं दरम्यान करवत बाकावर घेऊन खटका दोनचार वेळा दाबून पाहिला होता. तो चालत होता. पट्टी वाकली होती, साखळी फिरवणाऱ्या चक्राचे दात गेले होते. मग तिनं ओंडका पालथा केला. कापाच्या तळाशी गंजलेलं टोक दिसत होतं, तारेचं आणि तिला धरणाऱ्या खिळ्याचं.

"हा मी ठोकला," मर्व्ह म्हणाला. "बाबांनी धरला नि मी ठोकला. आणि मीच म्हणालो, कुंपण निघालं."

"राहू दे," रोंडा म्हणाली. "कंपनीला सांगते, बघायला दिली होती ती खराब निघाली."

"ती खराब नाही. माझा ओंडका, माझी तार."

आमच्याकडे हे असंच आहे, आणि ते कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही. घरच्या ओंडक्यानं दुकानदाराची करवत मोडली तर ती करवत विकत घेऊन घरी न्यायची. नाही नेली तर पुढे कुठलाच दुकानदार तुम्हाला आपल्या अंगणात ओंडका उतरवू देत नाही.

"ही माझ्या घरात येणार नाही," लॉर्ना म्हणाली. "मर्व्ह, ऐक. मी पाय धरते. एवढी खटपट करून मी तुला लालपासून वाचवलं, आता तेवढीच मोठी करडी घेऊन घरी जायचं?"

"मग काय, तोंड लपवून जाऊ?"

"मी घेते," टेगन म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझ्या नावानं कर, रोंडा. नवीन पट्टी, नवीन साखळी, चक्र."

"तुला जड जाईल," मर्व्ह म्हणाला. "दुपारपर्यंत खांदे उतरतील."

"उतरू देत."

"मधली हवी होती तुला."

"मधली हवी होती," टेगन म्हणाली. "मिळाली ही." सकाळी भावानं तिला टपलीस म्हटलं होतं. जागा आता मिळाली होती आणि तिला ती नको होती, अशा रीतीनं तर नकोच होती. ब्रेट आत जाऊन रोंडाला पट्टी बदलायला मदत करू लागला.

*

मिलब्रुकला मर्व्हनं स्वतःहून गाडी दुकानासमोर उभी केली. मागे करडी करवत उघडीच होती, बेकरीतून स्वच्छ दिसेल अशी. डेस दारात आला. त्यानं करवत पाहिली, बहिणीचे डोळे पाहिले, आणि आत जाऊन गल्ल्यामागच्या स्टुलावर बसला. सगळे त्याच्यामागून आत गेले.

"घेतलीस तर," डेस म्हणाला. "मोठीच."

"हिची आहे." मर्व्हनं टेगनकडे मान वळवली. मग म्हणाला, "तू मला सरळ का नाही सांगितलंस?"

"सरळ सांगितलं असतं तर तू रॅथमोरला गेला असतास."

"गेलोच की."

"हो," डेस म्हणाला. "ते झालंच." आणि दोघंही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. डेसनं टोपीनंच नाक पुसलं. "मी आयुष्यात तुला एकदा खोटं बोललो, मर्व्ह, आणि तेही धड जमलं नाही. परवापासून झोप नाही मला. ही मला गुरुवारीच म्हणाली होती, हात गेलेत म्हणून. मी म्हटलं, त्याला करवत विकली आणि काही झालं तर या दुकानात मी उभा कसा राहू?"

मर्व्हनं डेसच्या खांद्यावर हात ठेवला, आणि पुरेसा ठेवलाय की नाही ते कळावं म्हणून हाताकडे बघत राहिला.

"सोमवारी हिच्याबरोबर वर कोण जाणार?" डेसनं विचारलं. झाड एकट्यानं पाडत नाहीत, हे या घरात कुणाला सांगायला नको होतं.

"मी रजा काढतो," ब्रेट म्हणाला.

"तू पडत्या झाडाखाली उभा राहतोस," मर्व्ह म्हणाला. "लहानपणापासून. मी जाईन."

"मर्व्ह," लॉर्ना म्हणाली.

"नुसता उभा राहीन. झाड कुणीकडे झुकलंय ते सांगीन, वारा सांगीन. ते तर हातांनी करायचं नाही ना?"

कुणाचाही विश्वास बसला नाही. डेस गल्ल्याकडे बघायला लागला. टेगननं जाकिटाची चेन वर ओढली, खाली केली, आणि मग तिनं बोलूनच टाकलं. "मला भीती वाटते, बाबा. झाडाची नाही. तुझी. मी पाणी प्यायला वळेन आणि तू उचलशील."

तिला वाटलं तो चिडेल. लॉर्नालाही वाटलं, ती दोघांच्या मध्ये यायला एक पाऊल पुढे सरकली. मर्व्हनं दोन्ही हात गल्ल्यावर पालथे ठेवले.

"उचलीन," तो म्हणाला.

"मग?"

"मग खाली ठेवू नकोस. पाणी प्यायचं तर ती गाडीत टाकायची, कुलूप लावायचं, किल्ली तुझ्या खिशात. मी म्हणेन, एकच झाड. म्हणेन, आज हात बरे आहेत. चिडेन. तुझ्या आजोबांचं नाव काढीन, तुझ्याशी आठवडाभर बोलणार नाही." त्यानं मुलीकडे पाहिलं. "मी मागेन, टेगन. रोज मागेन. देऊ नकोस."